जैबूनला दिसलेली सुसर

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं म्हणून विचारलंत, तर मासळी साफ केली. दुसरं काही नाही. उकैरच्या किनाऱ्यावर, चटईच्या कडेला, जैबून, माझी बायको, विळीवर बसलेली आणि मी समोर उकिडवा, मी खवलं काढायची नि तिच्या हातात द्यायचं, ती कल्ले काढणार, पोट फाडणार, तुकडे करणार. शेरी होती. इथं शेरी म्हणतात, आपल्या तांबोशीच्या नात्यातली, पण रंगानं फिकी, धक्क्यावरच्या बंगाली होडीवाल्याकडनं घेतलेली. ती मला म्हणते, अवो, शेपटीकडची खवलं तशीच ठेवताव, डोळे कुठं आहेत तुमचे? मी म्हटलं, तुझ्या विळीवर आहेत, बोट कापशील. गावाला असंच बोलायचो, इथंही तसंच. त्यात प्रेमबिम काही नव्हतं, ताई, लिहिताना तसं घालू नका. मासळी होती, ती साफ करत होतो.

आणि दुसरं एक आधीच सांगून ठेवतो. सुसरीनं तिला मारलं नाही. इथले लोक तसंच सांगतात, गावाला तर फोनवर कोणी सांगितलंन की अर्धी खाल्लीन म्हणून. तसं काही नाही. नखसुद्धा लागलं नाही तिला.

मी चिपळूणच्या खालचा, वाशिष्ठीच्या खाडीवरचा. शाळा चौथी, तीही पुरती नाही, कारण बापाची तरीची होडी होती आणि दुसऱ्या वल्ह्याला माणूस नव्हता. खाडीत सुसरी. सुसर म्हणजे मगर हो, आमच्याकडं सुसरच म्हणतात. दिसायच्या चिखलात पडलेल्या, तोंड वासून, उन्हाला. बायका पाण्यात उतरायच्या आधी काठीनं पाणी झोडायच्या, हंडा वाजवायच्या, मग पाय घालायच्या. जैबूनची एक शेळीची पाट होती, लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट, पाण्यावर नेलीन आणि डोळ्यांदेखत गेली. दोरी तेवढी हिच्या हातात राहिली. तेव्हापासून पाण्याकडं बघायची तिची एक रीत होती, आधी सगळं पाणी बघून घ्यायचं, मग बोलायचं. गुडघाभर पाणी असो की दर्या असो.

मी जवानीतच इकडं सौदीत आलो. अल खर्जला गाईंच्या फार्मवर. काय सांगू तुम्हाला, गाईंना पंखे, गाईंच्या अंगावर पाण्याचे फवारे, आणि आमच्या खोलीतला कूलर बंद. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात आधी गाय, मग आम्ही. जायचो, यायचो, सुट्टीला गेलो की एक पोर, परत आलो की गाई. जन्म असाच गेला. ती गावाला, मी इथं. म्हातारपणी घरी जाऊन बसलो तेव्हा कुठं आम्ही एका ताटलीत जेवायला लागलो, आणि भांडायलाही तेव्हाच लागलो, आधी भांडायला वेळ कुठं होता.

मुबीन, आमचा मुलगा, हुफूफला एसीच्या कामाला आहे. त्यानं दोघांना व्हिजिट व्हिसावर बोलावलंन. जैबून पहिल्यांदाच आली. खजुराच्या बागा बघून खूश झाली, दोन दिवस. मग म्हणाली, सगळं झालं, दर्या कुठाय? एवढा देश, दर्या नाही काय यांच्याकडं? म्हणून जुम्म्याची नमाज झाल्यावर उकैरला गेलो, गाडीनं, मुबीन, सूनबाई, इनाया आणि आम्ही दोघं. इनाया म्हणजे नात. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असं चालतं आमचं.

तर मासळी साफ झाली. जैबूननं तुकड्यांना हळद लावलीन, मीठ लावलंन, गावाहून आणलेलं कोकमाचं आगळ लावलंन, डब्यात भरलीन, डबा बर्फात. संध्याकाळी निखाऱ्यावर भाजू म्हणाली. हात धुवायला पाण्याकडं गेली आणि तिथंच उभी राहिली. मी म्हटलं काय गो? तिनं आधी सगळं पाणी बघून घेतलंन. मग हळूच म्हणाली, अवो, ते बघा. दोन बोंडं, आणि पुढं एक. खाडीत सुसर तरंगते तेव्हा तेवढंच दिसतं, दोन डोळे नि पुढं नाक.

मी बघितलं. ऊन पाण्यावर असं सांडलेलं की डोळे चुरचुरले. मला काही दिसलं नाही. टायर असेल म्हटलं. तर म्हणते, वारा इकडनं तिकडं जातोय आणि ते तिकडनं इकडं येतंय. टायर वाऱ्याच्या उलट येतो काय?

पाण्यात पोरं होती, ताई. इथल्याच लोकांची, कमरेइतक्या पाण्यात, उड्या मारत. आणि त्यांच्याही पुढं दोरी लावलेल्या हवेच्या ट्यूबवर आमची इनाया, पाय पाण्यात सोडून.

मुबीन चटईवर फोन घेऊन बसलेला. म्हणाला, अम्मी, हा दर्या आहे, खारं पाणी, इथं सुसर कुठली. ती म्हणाली, आपली खाडी काय गोडी आहे? तर तो उठला, बघितलंन, त्यालाही दिसलं नाही, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणतो, अब्बा, अम्मीला बसवा, व्हिजिटवर आहात तुम्ही, उगाच बोंब मारली आणि काही निघालं नाही तर अफवा पसरवली म्हणून पोलीस मलाच धरतील, इनायाला मी बोलावतो. आणि किनाऱ्यावरनं हाका मारायला लागला, इनाया, कम, कम. ती तिकडनं हात हलवते. पाच मिनिट, पापा! सुसर म्हणाला नाही तो. भीती वाटली असेल त्याला, त्याचा इकामा आहे, इथं राहायचा परवाना, बायको आहे, पोर शाळेत आहे. मी त्याला बोल लावत नाही.

मी मात्र ओरडलो. मला तेव्हाही काही दिसलं नव्हतं. ती म्हणाली, म्हणून ओरडलो. यल्ला, बर्रा, बर्रा, बाहेर या! सुसरीला अरबीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, गाईंमध्ये जन्म गेला माझा, म्हणून दोन्ही हात असे उघडून-मिटून दाखवत होतो, असा जबडा, असा. पोरं हसायला लागली. एक पोरगं माझ्यासारखेच हात करून दुसऱ्याला चावायला लागलं. त्यांचा बाप आला, पांढऱ्या झग्यातला, धिप्पाड, माझ्या छातीला छाती लावून उभा, काय ओरडतोस माझ्या पोरांवर? मुबीन मध्ये पडला, माफी मागतोय, अरबीत काय काय सांगतोय, म्हातारा आहे, ऊन लागलंय. आणि मी त्या माणसाच्या खांद्यावरनं बघतोय तर जैबून पाण्यात.

अबाया घातलेली, हातात पातेल्याचं झाकण नि पळी. झाकण वाजवत चालली होती, ठाण ठाण ठाण, गावाला हंडा वाजवायची तशी. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. अबाया पाण्यावर पसरलेला, चालता येईना, तरी चालली. ती एवढं वाजवतेय म्हटल्यावर पोरं गप्प झाली, आणि पोरं गप्प झाली तसा तो बापही वळला. आणि तेव्हा दिसलं. मला दिसलं, त्यालाही दिसलं. इनायाच्या ट्यूबपासून एक बांबूभर लांब. दोन बोंडं, पुढं एक. जसं ती म्हणाली तसंच.

मग काय, एकच किंकाळी. तो माणूस झग्यासकट पाण्यात घुसला, पोरांना काखोटीला मारून बाहेर फेकायला लागला. मुबीन धावला. मी धावलो, पण माझे गुडघे, पाण्यात दोन पावलं टाकली आणि पडलो. डोकं वर काढलं तर जैबूननं ट्यूबची दोरी पकडलीन, एका हातानं ओढतेय आणि दुसऱ्या हातानं झाकण पाण्यावर आपटतेय. सुसर वळली. शेपटी अशी उलटली की पाणी आमच्या तोंडावर आलं. मी म्हटलं, गेली. कोण गेली ते मनातही बोललो नाही. पण दोरी सुटली नाही तिच्या हातनं. इनायाला मुबीननं उचललंन, तो माणूस जैबूनच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन आला.

ते जनावर उथळात येऊन पडलं. हललंच नाही नंतर. किनाऱ्यावरचे शिपाई आले, ब्लँकेट टाकलं, दोर टाकला, ओढून वाळूवर काढलं. माणसाच्या उंचीचंही नव्हतं. बरगड्या दिसत होत्या. आणि तोंड बांधलेलं. चंदेरी चिकटपट्टीचे वेढे, एकावर एक, शेवाळ धरलेले. मुबीन बघून म्हणाला, ही तर आमची, एसीच्या पायपाला मारतो ती. कोणी हौसेनं पाळलेली असेल, वाढली तशी तोंड बांधून आणून सोडलीन. लोक हसायला लागले, घाबरलेले लोक हसतात तसे. तोंड बांधलेली सुसर, कोणाला चावणार होती? सगळ्यांचे फोन बाहेर.

जैबून चटईवर बसलेली, भिजलेली, श्वास लागलेला. विचारलंन, काय झालं, हसतात का? मी म्हटलं, तोंड बांधलंय तिचं. मग म्हणाली, बिचारी. मग खात काय असेल?

ते तिचं शेवटचं बोलणं. नंतर तिनं डावा दंड धरलान आणि माझ्याकडं बघितलंन. चटईसकट उचलली, एका बाजूला मुबीन नि मी, दुसऱ्या बाजूला तो पांढऱ्या झग्यातला. त्यानं स्वतःची गाडी पुढं घातलीन, दिवे लुकलुकत, हॉर्न मारत, रस्ता मोकळा करत. रस्ता लांब, दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच उंट. तिचं डोकं माझ्या मांडीवर. हुफूफच्या बागा दिसायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, जैबून, आलो गो. तिचा हात माझ्या हातात होता, तो तसाच होता, पण ती नव्हती. तो माणूस हॉस्पिटलच्या दारात उभा राहून रडला. नाव विचारायचं राहिलं त्याचं.

आता ती हुफूफच्याच मातीत आहे. इथली रीत, कबरीला नाव नाही, उंचवटा नाही, मी तिसऱ्या ओळीतली ओळखतो. सुसर रियाधला नेली म्हणतात, तोंड सोडवलं म्हणे, कोंबडी खाते. बरं झालं. लोकांच्या फोनमध्ये सुसर आहे, आणि एकात कोपऱ्यात जैबून, पाठमोरी, झाकण वाजवताना. इनाया दाखवते, मी बघत नाही. अल्ला तिला आपल्याजवळ ठेवो, आणि त्या बापाच्या पोरांना आयुष्य देवो. माझं काय, व्हिसा संपला की गावाला जाईन.

पण तुम्ही दुसऱ्या दिवशीचं विचारलंत. ती अजून हॉस्पिटलातच होती, कागद व्हायचे होते, मुबीन त्या धावपळीत. शेजाऱ्यांनी बिर्याणीची ताटं आणून ठेवलेली, मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. पाण्यासाठी फ्रीज उघडला तर डबा. हळद, मीठ, आगळ. तिनं भरलेला तसाच.

मी गॅस पेटवला. सूनबाई धावत आली, अब्बा, असं नसतं करायचं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत, ही मासळी खराब झालेली तिला चालणार नाही. तिनं तवा काढून दिलान. वास सुटला तशी इनाया झोपेतनं उठून दारात आली, डोळे चोळत. दादी बना रही है क्या? मी म्हटलं, नाही बाय, मी. बस.

दोघं बसलो. पहिलाच तुकडा शेपटीकडचा. एक खवल राहिलेलं होतं, ते दातांत आलं. काढलं, ताटलीच्या कडेला ठेवलं, आणि जेवलो.