ताटाखालचा ठिपका

तुम्ही हसाल, पण त्या हळदीत माझ्या घशाखाली घास उतरेना.

आमच्या ह्यांना हिपॅटायटिस बी निघाला होता. डहाणूच्या डॉक्टरांनी मला लस टोचली, वर समजावलंही, "हा रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने काही होत नाही." पटलं, पण भीती काही जाईना. मी गुपचूप ह्यांच्या ताटाला खालून नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला.

मग शेजारी लग्न निघालं आणि हळदीच्या जेवणाला आमची ताटं गेली. पंगतीत बसल्याबसल्या मी माझं ताट उलटून बघितलं. ठिपका! बाजूचं रिकामं ताट उलटलं. त्यालाही ठिपका! सासूबाईंना विचारलं, तर म्हणतात कशा, "अगं, तू एकाच ताटाला खूण केलेलीस. बाकीची दुसऱ्यांच्या भांड्यांत मिसळली तर ओळखायची कशी? मी सगळ्यांना लावली."

तेवढ्यात भात पडला. माझा हात पुढे जाईना.

कालवण वाढायला हेच आले. वाकून हळूच म्हणाले, "जेव तू. आईने ठिपके लावायच्या आधीच माझं ताट मी घरी काढून ठेवलंय."