स्वतः वाचून खात्री केली

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालकसाहेब, संगणक विभागाच्या प्रमुख मॅडम, माझे सर्व सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत कडेला चाकाच्या खुर्चीत बसलेली माझी थोरली बहीण,

आज माझ्या निवृत्तीच्या दिवशी आपण माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात, की हे नक्की कोणाविषयी चाललंय म्हणून मी दोनदा मागे वळून पाहिलं. मनापासून आभार. मी थोडकंच बोलणार आहे. मला आज ताईला एक गोष्ट सांगायची आहे. घरी जमलं नाही. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला घरात तोंड उघडण्यापेक्षा माइकसमोर सोपं जातं, त्याला काय करणार?

तीन वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयात यंत्र आलं. आजारी माणसाच्या घरी सरकारी मदतनीस पाठवायचा की नाही, हे ते अर्ज पाहून सुचवू लागलं. तुम्ही त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलंत, कारण त्याला उलट विचारायची सोय नव्हती. सोय होती म्हणा. सरकारचा नियमच तसा होता: यंत्राने फक्त सुचवावं, अधिकाऱ्याने पूर्ण अर्ज स्वतः वाचावा, मग निर्णय घ्यावा, आणि वाचल्याचं लिहून सही करावी. हा नियम याच व्यासपीठावरून मीच तुम्हाला समजावून सांगितला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक अर्ज वाचला. खाली हाताने लिहिलं, 'स्वतः वाचून खात्री केली.' मग मनगट दुखायला लागलं, म्हणून शिपाईमामांना त्याच वाक्याचा शिक्का करून आणायला सांगितला. हसा, हसा. तुमच्याही टेबलावर आहे तो. पुढे सकाळचा चहा येईपर्यंत सगळ्या गठ्ठ्यावर शिक्के मारून मोकळं व्हायचं, अशी आपली रीतच पडली. दुखत होतं ते लिहिण्याने, वाचण्याने नव्हे. पण शिक्का आला आणि वाचणंच गेलं.

गेल्या वर्षी ताईने अर्ज केला. भावजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांना उचलायला, आंघोळ घालायला रोज कुणीतरी हवं होतं. ओळखीचा फायदा नको, म्हणून मला तिने सांगितलं नाही. ती आहेच तशी. यंत्राने पाहिलं, घरात पत्नी आहे, वय सत्तरच्या आत. सुचवलं, 'घरात सक्षम व्यक्ती आहे. अर्ज नाकारावा.' चौथ्या पानावर डॉक्टरांची चिठ्ठी होती: पत्नीने वजन उचलू नये, मणक्याला धोका आहे. ते डॉक्टरी अक्षर यंत्राला लागलं नाही. आणि तसं त्याने प्रामाणिकपणे खाली नोंदवलंही होतं, 'पान चार वाचता आले नाही.' त्या ओळीच्या बरोबर वर शिक्का आहे. शेजारी माझी सही.

दोन महिन्यांनी न्हाणीघरात दोघंही पडली. भावजी आठवड्याभरात गेले. ताई तेव्हापासून या खुर्चीत आहे.

दवाखान्यात मी तिला विचारलं, "अगं, मदतनिसासाठी अर्ज तरी करायचास!"

ती म्हणाली, "केला होता ना. नाही म्हणून पत्र आलं. खाली तुझी सही दिसली. म्हटलं, हिने वाचूनही नाकारलाय, म्हणजे नियमात बसत नसणार. परत दाद मागून तुला कशाला पेचात टाकू?"

मी "हं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी फाइल काढली, चारही पानं वाचली, जागेवर ठेवली. मग डबा खाल्ला, सगळा. दुपारी गठ्ठा आला, त्यावर शिक्के मारले. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. आत काही हलतच नाही. लाज वाटायला हवी हे कळतं, पण वाटत नाही, आणि याचीच मला भीती वाटते.

आज आपण तोच शिक्का काचेच्या पेटीत घालून भेट दिलात. कल्पना कोणाची होती ते विचारत नाही. मी तो घेऊन जाते. इथे राहिला, तर उद्या कुणीतरी पेटी उघडेल.

या समारंभासाठी झटलेल्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते आपण मोठ्या मनाने सोडून द्याल, अशी आशा करते.

ताई, तू मात्र सोडू नकोस. सही माझी होती. अर्ज मी वाचला नव्हता.