अकरा नंबरचा देव

— नाय नाय, भाऊसाहेब, खांब ‘चोरला’ असं नका लिवू. देव कोण चोरतं का? बसा, त्या घोंगडीवर नीट बसा. जबाब घ्यायला पालघरवरून आलात ना, मग माझ्या तोंडचा घ्या, तुमच्या मनचा नको. नाव नवसी, राहणार करवंदपाडा. वय? वय तुमीच घाला, तुमच्या खात्याला सगळं ठावं असतं — नि खातं तरी कोणाचं, तर वाल्दोरा देशाचं! कुठं आला हो हा देश? मी मुरबे गावच्या मासळीवालीला इचारलं, ती म्हणाली समुद्राच्या पल्याड — तिला काय, सगळंच समुद्राच्या पल्याड. तारापूरला ती वीज करायची कोठी बांधतायत, तिकडं गोरे येतात, त्यांतलाच एखादा वाट चुकला असंल म्हटलं. पण नाय. त्यांच्या सरकारात म्हणे एक खातंच हाय, राष्ट्रीय उद्यानं सांभाळायचं. घरची सांभाळून झाली, आता आमच्या डोंगरावर एक नमुन्याला करून दाखवणार. बरं बाबा, दाखव. आमी कधी नाय म्हटलं?

त्यांचं नेमांचं पुस्तक तुमीच वाचून दाखवलंत की, आमाला उन्हात उभं करून. अस्वलाला पाव घालू नये. बर्फात गाडी नेऊ नये. मी इचारलं, पाव कुठाय? आमी रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, खातो, तो अस्वलानं तोंडात तरी घेतला असता का? सगळा पाडा हसला, एकटे तुमी नाय हसला. आणि मग तिसरा नेम — उद्यानात माणसानं राहू नये, पेरू नये. पैले दोन नेम इथं लागू पडले नाय, हा मात्र बरोबर पडला! तिकडं काय माणसंच नाय का हो? की त्यांना आधी घालवलं, मग पुस्तक लिवलं? — हां, हे नका लिवू. लिवा, बाई इचारते म्हणून लिवा. माझी अर्धी नागली वर, खोपटी वर, दोनी उद्यानात. खाली उतारावर उरली अर्धी नागली नि उकिरडा, तेवढं माझं. नि नागलीच्या मधोमध तो तुमचा सिमिटाचा खांब, चुन्यानं पांढराफटक, वर तांबडा अकरा. त्याच्यापासून वर सगळं वाल्दोराचं.

आता देव कोणी केला ते ऐका, कारण तिथंच तुमचं सगळं चुकलं. आमी नाय केला. तुमच्या देशी साहेबानं केला. बारा खांब पुरले, अकरा मुकाट पुरले, नि ह्या एकाला — फोटोला जागा चांगली होती म्हणून — कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. त्या वाल्दोराच्या गोऱ्याच्या हातात उदबत्ती दिली, त्यानं बिचाऱ्यानं टोपी काढली. खोबरं मलाच वाटायला लावलं, तुमाला पण दिलं, खाल्लंत ना? मग! आमच्यात उभ्या दगडाला कुंकू लागलं, नारळ फुटला, की झाला वाघदेव. त्याला परत खांब करता येत नाय, मामलेदार आला तरी नाय. आणि वाघदेव शेताच्या मधी बसतो का? तो बसतो शिवेवर, डोंगराकडं तोंड करून, म्हणजे वाघ खाली उतरला तर पैला त्याला भेटला पायजे. मधी बसवला तर वाघ पैला कोणाला भेटंल? घराला. पोराबाळांचं घर पुढं नि देव मागं — तुमी झोपाल असं?

म्हणून नेला. चोरून नाय, दिवसाढवळ्या, ढोल लावून, अख्खा पाडा मागं. मंगळ्या भगताच्या अंगात वारं आलं, तो म्हणाला, मला वर न्या, शिवेवर न्या — थेट शिवेवरच म्हणाला, तीनशे पावलं वर, माझ्या नागलीच्या नि खोपटीच्या पार पलीकडं. मी काय भगताला सांगितलं का? म्हणजे — ताडी दिली होती, एक लोटाभर, ती आपली रीत हाय, पावण्याला देतात तशी. ढोलाच्या आधी दिली का नंतर, ते काय कोणी ध्यानात ठेवतं? आणि हलवायला काय, दोघांनी हात घातला नि मुळ्यासारखा वर आला! येणारच, भाऊसाहेब, तुमचा हुकूम कमरेइतका खड्डा नि खणला हातभर, वर नुसती माती चोपली — जिव्या बोललाच होता मला, आये, तू घोर नको करू, मी असा पुरलाय की —

— कोण जिव्या? कोण नाय. जिव्या इथं घरोघर हायत.

लिवलंत? अहो, तुमचा हात का थांबत नाय? माझा जिव्या खात्यात हमाल हाय ते तुमालाच ठावं, हजेरी तुमीच मांडता. त्याला तीन पोरं हायत. हे काम गेलं तर परत बोयसरला मजुरीला, पोरं माझ्यापाशी नि बायको त्याच्यामागं खडी वाहायला. मी घाबरते हो, खरंच घाबरते. माझं लिवा — नवसीनं खणला, नवसीनं उपटला, ताडी नवसीनं पाजली. बाईच्या हातानं निघतो का म्हणून इचारलं, तर निघतो म्हणून सांगा. मी उपटून दाखवते बाकीचे अकरा.

वाचा बरं, काय लिवलंत. — परत वाचा. — तेवढं नाव काढा. एक रेघ मारायची, दुसरं काय. — नाय काढत? नेमात नाय? बर्फाचा नेम चालतो, रेघेचा नाय.

मग शाईची डबी मिटा. अंगठ्याबिगर जबाब म्हणजे कोरा कागद, हे तुमीच आल्या आल्या सांगितलंत. मला पालघरला बोलवा, येईन. दहांदा बोलवा, दहांदा येईन, पाडाच्या पाडा घेऊन, नि दर बारीला देव कसा उठला तेवढंच सांगीन. अंगठा माझा हाय, तो नाय तुमच्या उद्यानात.

उठा आता. ऊन तापायच्या आत वाणगाव टेशन गाठा. टोपी सांभाळा — दार ठेंगणं हाय, वाकून जा.