कठड्याजवळचा पलंग

लव्हॉन : म्हणजे म्हातारपणी राहायला तुला अख्ख्या काउंटीत हीच जागा सापडली?

ऑरिन : भिंती बघ गं किती जाड आहेत! नवं इस्पितळ झाल्यावर हे जुनं पाडायलाच निघाले होते. लोक भांडले म्हणून वाचली. आता इथे म्हाताऱ्यांसाठी घरं होणार.

लव्हॉन : भिंतींचं कौतुक मला नको. क्षयानं दोन वर्षं इथे पडला होतास, तेव्हा तुझं सगळं करणारी ती नर्स. तिनं आधीच इथलं घर घेऊन ठेवलंय, हे मला चर्चमधल्या बायकांनी सांगावं?

ऑरिन : मार्गिटनं घर घेतलंय, हे मलाही नंतरच कळलं.

लव्हॉन : म्हणून आज दोनदा दाढी झाली वाटतं.

ऑरिन : पहिली नीट झाली नव्हती.

मार्गिट : ऑरिन! आणि ही लव्हॉन ना? दमलात का जिन्यानं? लिफ्ट अजून बसायची आहे. काय रे, तुझा पलंग कुठे होता, आठवतं?

ऑरिन : हा काय, या खांबाशी. पलीकडे एनार कोस्की, तो रात्रभर फिनिश भाषेत शिव्या द्यायचा. जानेवारीत उघड्या व्हरांड्यात झोपवायचे आम्हाला. सकाळी पांघरुणावर बर्फ! ही बया केरसुणीनं झटकायची.

लव्हॉन : हे मला कधी बोलला नाहीस.

ऑरिन : तू विचारलंस कुठे?

लव्हॉन : विचारलं होतं. तू म्हणालास, थंडी होती.

मार्गिट : गोळ्या यायच्या होत्या अजून. मोकळी हवा, दूध आणि अंडी, एवढंच औषध. आई सांगायची, लोकांनी आपणहून मतं देऊन जादा कर लावून घेतला आणि ही इमारत उभी केली. खिसा रिकामा असला तरी माणसाला खाट मिळावी म्हणून.

लव्हॉन : ऑरिन, गाडीतून मोजायची टेप घेऊन ये. आपलं कपाट मावेल का बघू.

ऑरिन : म्हणजे घ्यायचं घर?

लव्हॉन : टेप आण म्हटलं मी.

(ऑरिन जिना उतरून जातो.)

लव्हॉन : आता तो नाहीये. सरळ विचारते, बाई. तुमचं प्रेम होतं त्याच्यावर?

मार्गिट : होतं.

लव्हॉन : आणि त्याचं?

मार्गिट : त्याचा जीव रविवारात. भेटायला येणाऱ्यांना वर सोडत नसत. रविवारी तू तिकडे कुंपणापाशी उभी राहायचीस, लाल कोट घालून.

लव्हॉन : बहिणीचा होता तो.

मार्गिट : कुणाचा का असेना, मला त्याचा राग यायचा. आठवडाभर थुंकीची भांडी मी उचलायची, घामानं भिजलेल्या चादरी मी बदलायच्या. आणि तू नुसता हात हलवलास की स्वारी खूश! त्याचा पलंग कठड्याशी ढकलत मीच न्यायचे. दातओठ खात.

लव्हॉन : आणि मी खालून तुझा पांढऱ्या बाहीचा हात बघायचे. त्याच्या उशीवर असायचा.

मार्गिट : उशी सारखी करायचे.

लव्हॉन : दर रविवारी? एवढी कशी वाकडी व्हायची गं?

मार्गिट : व्हायची नाही.

लव्हॉन : वाटलंच होतं मला. पुढे लग्नही केलं नाहीस.

मार्गिट : एवढा भाव नको देऊस त्याला! पोलिओची साथ आली तेव्हा जेवायला फुरसत नव्हती, लग्न कुठलं करतेस? माझं सगळं आयुष्य या इमारतीत गेलं. हिच्यासाठी आलेय मी. तुझ्या नवऱ्यासाठी नाही.

लव्हॉन : तो बघ, कुंपणाशी पोचला. इथून केवढासा दिसतो. तोंडसुद्धा कळत नाही.

मार्गिट : नाहीच कळत.

लव्हॉन : मग मी रडत असायचे, ते त्याला...

मार्गिट : दिसायचं नाही. दर वेळी मला विचारायचा, रडतेय का गं? मी म्हणायचे, छे, हसतेय.

लव्हॉन : आणि त्याला पटायचं?

मार्गिट : न पटून सांगतो कुणाला? रडतेय म्हटलं असतं तर रात्री जेवला नसता.

लव्हॉन : म्हणजे त्याचं हेसुद्धा तुला ठाऊक. मी अजून जळतेय हं, सांगून ठेवते.

मार्गिट : जळ की. कोण अडवतंय?

ऑरिन : ही घे टेप. धाप लागली बुवा. काय ठरलं? खोल्या बघायच्या की निघायचं?

लव्हॉन : बघायच्या. पण हिच्या मजल्यावर नको.

ऑरिन : बरं.

लव्हॉन : आणि हिच्याकडे कॉफी प्यायला तू एकटा जायचं नाहीस.

मार्गिट : मग तूही येत जा ना.

लव्हॉन : येणारच आहे. रोज येईन.