म्युनिकच्या गाडीतला दोष

प्लास्टरच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक म्हातारबुवा बसले होते. पाय ताज्या प्लास्टरमध्ये, कुबड्या मांडीवर. त्यांची मुलगी न्यायला आली.

"चला बाबा, गाडी दारातच लावलीय."

"कुठली?"

"माझीच. म्युनिकची."

"मग मी बसनं जातो."

"एका पायावर?"

"अगं हायके, इथं स्टुटगार्टात मी जन्मभर मर्सिडीजच्या कारखान्यात गाड्या जोडल्या. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बसलो तर लोक काय म्हणतील?"

"शेजारचे कोरियन गाडी चालवतात, त्यांना कोण काय म्हणतं?"

"ते कुठं कारखान्यात होते! आणि चार दारांच्या घरगुती गाडीला एवढा शर्यतीचा माज कशाला? गाडीत कसं, दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

"तुमचा दिवाणखाना वळणावर डुलतो, बाबा. माझी गाडी रस्ता धरून वळते."

"जाहिरातीतलं बोलू नकोस."

"बरं. मी आगगाडीनं कामावर जाते, तेव्हा गाडी तुमच्या अंगणात असते ना? संध्याकाळी बघते तर सीट पार मागे, आरसा वर. माझे पायसुद्धा पोचत नाहीत."

"तुझी आई बसली असेल."

"आई माझ्याहून बुटकी आहे."

"...बसलो होतो मी. म्युनिकवाल्यांचं नेमकं काय चुकतं, ते बघायला."

"नुसते बसलात?"

"टेकडीवरच्या वळणांपर्यंत गेलो."

"मग? काय चुकतं त्यांचं?"

म्हातारबुवांनी कुबड्या उगाच इकडच्या तिकडे केल्या.

"तेच तर सापडत नाही गं. रोज शोधतोय."