झिंगरू आजाच्या शिवेची कॅसेट

माझा जन्म चिचगडचा, आमी गोंड, बाप मोहफुलं वेचे, तेंदूपत्ता तोडे, अन् मी काय केलं तर लग्नाची शूटिंग केली, व्हिडिओवाला सुकराम म्हणून सारी गावं मले ओळखत. काय सांगू तुमाले, नवरी रडली का मी जड कॅमेरा घेऊन धावायचो, थांब माय, अजून जराशी रड, फोकस व्हाचा आहे. लोक हासत.

तर एक डाव झिंगरू आजा आला, बापाचा काका, गावातला सगळ्यात म्हातारा. म्हणे, लोकायची लग्नं काढतं, आपल्या जंगलाची शीव काढ ना बाबू, मी मेलो तर कोण दाखवीन? मग निघालो, आजा काठी घेऊन समोर, मी कॅमेरा घेऊन मागं, दिवसभर. पुढच्या साली आजा गेला. कॅसेट पेटीत राहिली, एकच, कॉपी केली नाई. एका शेठच्या पोराचं लग्न मात्र गोंदियाले जाऊन कॉम्प्युटरवर चढवलं. ते नवरा-नवरी अलग झाले, लग्न तेवढं चकाचक आहे.

मग गावानं जंगलाच्या हक्काचा दावा टाकला. साहेब म्हणे, शीव कुठून कुठवर, म्हाताऱ्या माणसाचा जबाब पाहिजे. म्या म्हनलं, आहे ना, अन् कॅसेट हाफिसात देऊन आलो. तिथंच चुकलो. चकरा मारून चपला झिजल्या, साहेब बदलले, अन् नवा म्हणे, कॅसेट पाहाची आमच्याकडं सोय नाई. सोय नाई तर ठेवून कायले घेतली? गळक्या खोलीतून काढून दिली, आत पांढरी बुरशी.

आता सांगा, बिजाईच्या धानाले ओल लागली का आपण काय करतो? ऊन दाखवतो. म्यानंबी तेच केलं. ऐन मे महिन्यात, टिनाच्या छपरावर, कॅसेटचं झाकण उघडून, पोरीले राखण ठेवून का चिमण्यायनं चोच मारू नये. अक्कल पाहा माझी! संध्याकाळी फीत वाळल्या पानावानी मुरडली होती.

तशीच घेऊन गेलो कुडव्याले, तिथं एका म्हाताऱ्या मिस्त्रीपाशी जुना व्हीसीआर आहे. म्हणे, भैया, पिक्चर तो गया समझो, आवाज शायद आ जाए. लावली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या, अन् मुंग्यातून आजाचा आवाज. आजा सांगून रायला, ह्या दगडाले आमी म्हणतो... अन् मधातच दुसरा आवाज आला, माझा. आजा, नावं कायले घेता, काठीनं दाखवा फक्त, दिसून रायलं ना कॅमेऱ्यात, कॅसेट संपते माझी. आजा गरीब, चूप झाला. मग सारी कॅसेट तेच. इथून तिथवर आपलं. तिथून इथवर आपलं.

तो आवाज मोबाइलमधी भरून हाफिसात ऐकवला तर साहेब हासला. म्हणे, इथून म्हणजे कुठून? दावा पडूनच आहे.

तुमी पोरं आता मोबाइल घेऊन गावागावात म्हाताऱ्यायले बोलकं करून रायले, करा, बडादेव तुमचं भलं करो. चार ठिकाणी कॉपी ठेवा, हाफिसाच्या भरवशावर राहू नका. अन् म्हातारं माणूस दगडाचं नाव सांगू लागलं ना, तर मधात बोलू नका. मी बोललो.