लोखंड गेलं, हात आला नाही

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या डॉक्टरबाई, विभागातले तंत्रज्ञ, परिचारिका, आणि बाहेरच्या बाकड्यांवर बसून बसून या इमारतीचे जुने रहिवासी झालेले माझ्यासारखे नातेवाईक,

मला रुग्णांच्या वतीने दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी शाळेत भाषा शिकवते, तेव्हा दोन शब्दांत आटोपेल अशी आशा कुणी ठेवू नये.

आमचे हे न्हावी. चौकात दुकान होतं. हात इतका हलका, की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. मग तो हात थरथरू लागला. वस्तरा उचलला की तेच गिऱ्हाईक टक्क जागं! आधी आम्ही हसलो. गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात जायला लागली, तेव्हा हसू आटलं.

कंपवात, असं निदान झालं. डॉक्टरबाईंनी समजावलं, की या आजारात मेंदूच्या खोल भागात लोह साचतं, आणि एमआरआय मशीनवर एका खास पद्धतीने फोटो काढला तर ते किती साचलंय हे मोजता येतं. ह्यांचा पट्टा, अंगठी, किल्ल्या काढून घेत त्या म्हणाल्या, "बाहेरचं लोखंड इथे ठेवा, आतलं मी बघते." घाबरलेला माणूस हसला हो!

पण फोटो काही धड येईना. डोकं हललं की फोटो पुसट. पुन्हा आत, पुन्हा पुसट. शेवटी बाई स्वतः आत गेल्या आणि त्या कर्कश ठोकाठोकीत धीर द्यायला ह्यांचा पाय धरून उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे फोटो आला. एवढ्या मोठ्या डॉक्टरने आपला पाय धरावा, याचा संकोच ह्यांना अजून जात नाही.

मग औषध आलं. मेंदूतलं लोह बाहेर काढणारं. ते अजून तपासून पाहत होते, त्या चाचणीत ह्यांची निवड झाली. वर्षभर गोळ्या, मळमळ, सारखं रक्त तपासणं. नंतर पुन्हा फोटो. लोह खरंच कमी झालं होतं! टाळ्या वाजल्या. औषध कंपनीच्या साहेबांनी ह्यांचा हात हातात घेतला. तो त्यांच्या मुठीत थरथरत होता, पण साहेबांचे डोळे पडद्यावरच्या फोटोवर.

ह्यांनी विचारलं, "बाई, लोखंड गेलं ना? मग हात का येत नाही?"



बाईंनी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. आणि माहीत नाही याचा मला राग येतोय."

साहेबांना जुना-नवा फोटो शेजारी शेजारी छापायचा होता. बाई म्हणाल्या, खाली लिहा, 'या काळात रुग्णाची चाल बिघडली.' साहेब म्हणाले, "मॅडम, अशाने फोटोची रयाच जाईल." "मग फोटो राहू द्या," बाई म्हणाल्या. फोटो छापायचा राहिला, चाचणीही गुंडाळली गेली.

बाईंनी मात्र आम्हाला दरवर्षी बोलावलं. त्यांचा प्रश्न असा: लोह हे दुखण्याचं कारण, की नुसती खूण? कुणात किती वेगाने वाढतं? मोजत राहिल्याशिवाय कळायचं कसं? हे निमूट आत जाऊन पडायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "तुम्हाला काय मिळतं यातून?" म्हणाले, "मला नाही मिळणार. पुढच्याला मिळेल."

गेल्या आठवड्यात यंदाची वेळ घ्यायला मी फोन केला. खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, "ती तपासणी बंद झाली. बाई चालल्या ना. मशीनचे ते तास आता गुडघ्यांच्या फोटोंना दिलेत." गुडघ्यांशी माझं वैर नाही, माझेही दुखतात. पण अध्यक्षमहोदय, निरोप बाईंना आहे, की त्यांच्या प्रश्नालाही? खाली बसल्यावर मला कुणी तरी उत्तर द्या. हार-तुरे मी पुष्कळ पाहिले.

आवरते. समारंभात असं बोलू नये, कळतं मला. शब्द टोचले असतील तर ते माझ्या तापट स्वभावाच्या खाती घाला. बोलू दिलंत, आभारी आहे.

आणि एक. तिसऱ्या रांगेत हे बसलेत. बाईंना नमस्कार करायला त्यांना उभं राहायचंय, आणि उठायला वेळ लागतो. कृपा करून तोवर टाळ्या वाजवू नका. थांबा जरा.